वयावर ढकललेले दुखणे

‘तिचं वयच तसं आहे.’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारावे असे कोणालाच वाटत नाही. चौदा वर्षांची मुलगी दार लावून रडत बसली, तर तिचे वय तसे असते. पहिलटकरीण बाळाकडे पाठ फिरवून भिंतीकडे बघत पडून राहिली, तर ‘होतं असं बाळंतपणात’. सेहेचाळीस वर्षांची गृहिणी भरल्या ताटावरून उठून गेली, तर पुन्हा तिचे वयच तसे. बाईच्या आयुष्यात ‘तसे’ नसलेले वय नेमके कोणते, हे मला अजून कळलेले नाही.

दुखणे वयावर ढकलले की घरापुरता प्रश्न मिटतो. वयावर औषध नसते, तेव्हा डॉक्टरकडे जायला नको. वय आपोआप पुढे सरकते, तेव्हा वाट पाहिली की झाले. माझा या वाक्यावर आक्षेप आहे तो ते खोटे आहे म्हणून नव्हे. ते अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्या बोलण्याने जेवढे नुकसान होते तेवढे निखालस खोट्याने होत नाही. बाईच्या वयाचा आणि तिच्या मनाचा संबंध आहेच. त्यातला एक मोठा धागा इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकातून जातो. त्याचा बराचसा उलगडा गेल्या तीस-चाळीस वर्षांत झाला आहे, आणि त्यातून उद्भवणाऱ्या दुखण्यावर उपायही आहेत. मग जे बरे होऊ शकते ते वर्षानुवर्षे अंगावर का काढायचे, एवढाच माझा सवाल आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गेली तीस वर्षे एका जिल्ह्याच्या गावी माझा दवाखाना आहे. मनाचे दुखणे घेऊन माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. बायका येतात त्या पाळी मागेपुढे होते म्हणून, अंगावरून फार जाते म्हणून, कंबर धरते म्हणून. तपासणी होते, चिठ्ठी लिहून होते, पर्स खांद्याला अडकवून बाई उठते आणि दाराशी थबकून म्हणते, ‘डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं. हल्ली मला कशातच राम वाटत नाही.’ सोबत नवरा असेल तर बहुधा हे वाक्य येतच नाही. सासूबाई असतील तर विचारूच नका. एका शिक्षिकेने मला सांगितले होते, की वर्गात शिरण्यापूर्वी ती पाच मिनिटे जिन्यात उभी राहते, कारण हात थरथरत असतात. वीस वर्षे त्याच शाळेत तिने तेच गणित शिकवले होते. घरी तिने हे कोणालाही सांगितले नव्हते. ‘काय म्हणून सांगू? घरात सगळं चांगलं आहे,’ असे ती म्हणाली. घरात सगळे चांगले असताना मन आजारी पडू शकते, हे आपल्याला पटायला फार जड जाते. ताप आलेल्या माणसाला मात्र ‘घरात सगळं चांगलं आहे ना?’ असे कोणी विचारत नाही.

बाईच्या मनाचे दुखणे तिच्या ओटीपोटाशी जोडण्याची खोड जुनी आहे आणि ती केवळ आपलीच नाही. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. गर्भाशय शरीरात भटकू लागले की बाई भ्रमिष्टासारखी वागते, अशी समजूत त्या काळी होती. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत यादीतून हे निदान वगळले ते थेट १९८० साली. इस्ट्रोजेनच्या नावाची कथाही काही निराळी नाही. ज्या ग्रीक शब्दावरून ते नाव निघाले त्याचा मूळ अर्थ गोमाशी. जनावराला चावून सैरभैर करणारी. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अॅडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे या गटातले पहिले संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा त्याच्या कपाळी आधीच सैरभैरपणाचा शिक्का बसलेला होता.

वास्तविक हे संप्रेरक पाळी आणि गर्भ यांच्यापुरते नाही. मेंदूत त्याची वाट पाहणारी केंद्रे ठिकठिकाणी आहेत. झोप, भूक आणि अंगाची उष्णता सांभाळणारा भाग, आठवणी साठवणारा भाग, भीती आणि संताप यांचा भाग, या सगळ्यांशी इस्ट्रोजेनचा संबंध येतो. मन स्थिर ठेवण्यात ज्याचा वाटा असतो त्या सेरोटोनिन या रसायनाची निर्मिती आणि विल्हेवाट या दोन्हींवर ते परिणाम करते. इतकेच काय, पुरुषांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलला जातो आणि मेंदू तो वापरतो. तेव्हा ‘बायकांचे हार्मोन’ म्हणून हसण्यापूर्वी पुरुष वाचकांनी जरा दमाने घ्यावे.

मग इस्ट्रोजेन कमी झाले की मन खचते आणि वाढले की प्रसन्न होते, असे सोपे गणित मांडता येईल का? तसे असते तर आमचे काम फार हलके झाले असते. रक्ताची एक तपासणी केली, आकडा पाहिला, गोळी दिली. पण पाळीपूर्वी ज्यांचे मन दर महिन्याला कोसळते अशा बहुतेक स्त्रियांच्या रक्तातले आकडे इतर स्त्रियांसारखेच निघतात. पाळी जाऊन पाच-सात वर्षे झालेल्या कितीतरी बायकांचे इस्ट्रोजेन कायमचे उतरलेले असते आणि तरी त्या झोपतात छान, हसतात छान, सहलींना जातात. म्हणजे नुसत्या कमीजास्त पातळीत या दुखण्याचे उत्तर नाही.

उत्तर कोठे असावे हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी सोळा निरोगी स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, आठजणींना तसे कधीच झाले नव्हते. औषध देऊन सगळ्यांची पाळी तात्पुरती थांबवली, मग आठ आठवडे गरोदरपणाची आठवण करून देईल इतके इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिले आणि नंतर त्यांच्या नकळत ते काढून घेतले. ना बाळ, ना जागरण, ना सासर-माहेरचा काच. तरीही ज्यांना पूर्वी नैराश्य आले होते त्या आठांपैकी पाचजणींची मनःस्थिती ठळकपणे बिघडली. उरलेल्या आठांपैकी एकीचीही बिघडली नाही. संप्रेरके सारखीच चढली होती, सारखीच उतरली होती. फरक होता तो काही मेंदूंना ती चढउतार सोसते आणि काहींना सोसत नाही, एवढाच.

आपल्याकडे विजेचा दाब कमी झाला तर दिवा मिणमिणतो, पण जळतो. दाब सारखा वरखाली होऊ लागला की मात्र एखाद्या घरातला फ्रिज जळतो आणि शेजारच्याचा शाबूत राहतो. जळलेल्या फ्रिजला कोणी ‘शेजारचा बघ, कसा शहाण्यासारखा चालतोय’ असे सुनावत नाही. बाईला मात्र आपण हेच सुनावतो. ‘आम्हालाही पाळ्या आल्या, आमचीही बाळंतपणं झाली, आमचीही पाळी गेली, आम्ही नाही असं केलं.’ सासूबाई खोटे बोलत नसतात. त्यांना ते झाले नसेल, किंवा झाले असेल आणि सांगण्याची सोय नसेल. पण आपल्याला झाले नाही म्हणून दुसरीला होत नाही, हा काही पुरावा नव्हे.

हा दाब विशेष वरखाली होतो तो आयुष्यात तीन वळणांवर. पहिले दर महिन्याचे. पाळीपूर्वी थोडी चिडचिड पुष्कळजणींना होते, तिला आजार म्हणू नये. पण शंभरांतल्या तीन ते आठ स्त्रियांना पाळीच्या आधीचा आठवडा असा जातो की जगणे नको वाटते, आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत जणू ढग सरतात. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत या अवस्थेला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. तिच्यावर नैराश्याची काही औषधे चांगली लागू पडतात, आणि कित्येकींना ती महिनाभर न घेता पाळीआधीचे दोन आठवडेच घेऊन भागते. हे ठाऊक नसल्यामुळे किती मुली दहावी-बारावीपासून ‘फटकळ’ आणि ‘विक्षिप्त’ ही विशेषणे घेऊन वावरत असतील, याची कल्पना करावी.

दुसरे वळण बाळंतपणाचे. गरोदरपणाच्या अखेरीस इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट, अगदी शंभर पटींच्या घरात, चढलेले असते. वार पडली की काही दिवसांत ते जवळजवळ सगळे ओसरते. स्त्रीच्या शरीरात एवढी मोठी घसरण एवढ्या थोड्या वेळात एरवी कधीच होत नाही. भारतातल्या अडतीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला; त्यात बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात बावीस निघाले. ते सगळे इस्ट्रोजेनच्या खाती टाकता येणार नाही. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून घेतलेली तोंडे, हीही कारणे त्याच आढाव्यात आहेत. पण हजारात एक-दोन बाळंतिणी अशा असतात की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच त्यांना भास होऊ लागतात, झोप अजिबात लागत नाही, बाळाबद्दल भलभलते बोलू लागतात. आपल्या आज्या त्याला बाळंतवात म्हणत. नाव काहीही द्या, ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ आहे, देवऋषाकडे नेण्याची नव्हे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये २००९ पासून अशा आईला बाळासकट दाखल करून घेणारा विभाग आहे. बाळाला आईपासून तोडू नये आणि आईला उपचारांपासून, हे तत्त्व आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पोचायला हवे.

तिसरे वळण पाळी जाण्याचे. आपल्याकडे हे पाश्चात्त्यांपेक्षा चार-पाच वर्षे आधी येते. भारतीय स्त्रीची पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. पण खरी धामधूम असते ती थांबण्यापूर्वीच्या चार-सहा वर्षांत. इस्ट्रोजेन त्या काळात सरळ उतारावरून घसरत नाही. ते आज उसळते, उद्या कोसळते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, झोपेचे तुकडे होतात. आणि नेमक्या याच वर्षांत घरात मुलाची बारावी असते, सासऱ्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन असते, माहेरी आई एकटी पडलेली असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ साली नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा या संक्रमणाच्या काळात नैराश्याची शक्यता त्याआधीच्या काळापेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना नैराश्य येत नाही हे जितके खरे, तितकेच ज्यांना येते त्यांची संख्या नगण्य नाही हेही खरे. ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांनी या वयात विशेष सावध असावे.

उपचारांनाही वेळेचे भान लागते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि नैराश्याने ग्रासलेल्या पन्नास स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेनची त्वचेवर लावायची पट्टी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी पट्टी. बारा आठवड्यांनी औषधाच्या गटातल्या सतराजणी बऱ्या झाल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या पाच. पुढे २००४ साली पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा मात्र नैराश्यावर इस्ट्रोजेनचा उपयोग दिसला नाही. वादळ चालू असताना ज्या दोराचा आधार होतो, तो वादळ शमल्यावर कामाचा राहत नाही. ‘बघू, अजून दोन वर्षांनी’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ही तिन्ही वळणे निसर्गाची. एक चौथे आहे, ते माणसाने तयार केलेले. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,’ हा सल्ला आपल्या राज्यात किती सहज दिला जातो हे बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात, पाचटात ना पाणी ना आडोसा. अशा स्थितीत पाळी म्हणजे नुकसान. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकजणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या.

गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य झराच एका दिवसात आटतो. इतर स्त्रियांना जे पाच-सहा वर्षांत सोसावे लागते ते हिच्यावर एका रात्रीत येते, आणि तेही पंधरा वर्षे आधी. अंडाशये ठेवली तरी पुष्कळदा ती लवकर थकतात. ऑपरेशननंतर ‘कोयता’ पुन्हा फडात जातो. हाडे दुखतात, झोप लागत नाही, मन कशात लागत नाही, काम उरकत नाही. माझ्याकडे आलेल्या एकतीस वर्षांच्या अशाच एका बाईने विचारले होते, ‘बाई, पिशवीसंगं माझं ध्यान बी काढलं का हो?’ तिच्या कागदांत अंडाशये काढली की ठेवली याची साधी नोंदही नव्हती. तिला काय दिले होते आणि काय घेतले होते, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणण्यास बजावले. कागद तयार आहेत. ते फडापर्यंत पोचायचे आहेत.

आता दुसऱ्या बाजूची भीतीही तपासली पाहिजे. ‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण शिकल्यासवरल्या घरांत पक्के बसले आहे. त्याचे मूळ २००२ सालात आहे. त्यापूर्वी काही दशके अमेरिकेत गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन चिरतारुण्याचे औषध म्हणून भरमसाट विकले गेले. मग सोळा हजारांवर स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या मिश्रणाची मोठी चाचणी झाली, आणि स्तनाचा कर्करोग वाढतो असे दिसल्यावर ती मुदतीपूर्वीच थांबवली गेली. जगभर घबराट उडाली. वाढ किती होती? दर वर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे आठ. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हेही मथळ्यांत आले नाही. आज पन्नाशीच्या आतबाहेरच्या, अन्यथा निरोगी स्त्रीला त्रास जास्त असेल, तर योग्य मात्रेत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली हे उपचार देता येतात. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रीला ते सहसा देत नाहीत. सरसकट नाही म्हणणे जितके चूक, तितकेच मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणेही चूक.

शिवाय प्रत्येक वेळी दोषी इस्ट्रोजेनच असते असेही नाही. थकवा, उदासी, विसराळूपणा यांच्यामागे थायरॉइड असू शकतो. रक्तक्षय असू शकतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरापैकी सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. आणि पुष्कळदा कारण शरीरात नसतेच, ते समोर सोफ्यावर पेपर वाचत बसलेले असते. बाई चिडली, कारण पंचवीस वर्षे तिने एकटीने ओढले. तिच्या त्या रागाला ‘हार्मोन्स’ म्हणून मोडीत काढणे हा शास्त्राचा सरळसरळ गैरवापर आहे.

तो मोठ्या लोकांनीही केला आहे. १९७० साली अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका समितीवरचे डॉक्टर एडगर बर्मन यांनी असे मत मांडले की संप्रेरकांच्या उलथापालथीमुळे स्त्रिया राष्ट्राध्यक्षपदासारख्या जबाबदारीला योग्य नाहीत, आणि पाळी जाण्याच्या वयातली स्त्री युद्धाच्या प्रसंगी निर्णय काय घेणार, अशी शंका काढली. त्यावर गदारोळ होऊन त्यांना समिती सोडावी लागली. त्या क्षणी भारताच्या पंतप्रधानपदी बावन्न वर्षांची स्त्री होती. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तिने एक युद्ध लढवले आणि जिंकले. इंदिरा गांधींच्या राजकारणाबद्दल वाचकांचे मत काहीही असो, बर्मन यांना यापेक्षा चोख उत्तर कोणी दिले नसते.

तेव्हा बाईच्या वतीने मागायचे ते दोन गोष्टींचे भान. तिचे शरीर तिच्या मनाला आजारी पाडू शकते, हे मान्य करून तिला वेळेवर उपचार मिळावेत. आणि तेवढ्यावरून तिचे म्हणणे, तिचा निर्णय, तिचा राग बाद ठरवला जाऊ नये. मधुमेह झालेल्या कारकुनाची सही आपण अवैध धरत नाही. उदास झालेल्या बाईचे मत का धरावे?

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असते. त्यावर दुधाचा हिशेब असतो, गॅस कधी लावला ते असते, मोलकरणीचे खाडे असतात. त्याच चौकटीत रोज आणखी एक खूण करावी: आज मन बरे होते, मध्यम होते की वाईट. पाळी आली त्या दिवशी गोल करावा. दोन महिने असे केले की डॉक्टरला जे अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांतून कळत नाही ते एका दृष्टिक्षेपात कळते. पाळीआधी वाईट खुणांची रांग आणि नंतर मोकळे दिवस दिसले, तर एक गोष्ट. महिनाभर रांगच दिसली, तर दुसरी. अशी पाने घेऊन आलेल्या बाईचे काम निम्मे झालेले असते.

नवऱ्यांनी एवढेच करावे, की दवाखान्यात सोबत यावे आणि बोलावल्याशिवाय आत येऊ नये. रात्री बायको घामाने जागी होत असेल तर पंखा बंद करण्यावरून वाद घालू नये. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्यांनी बाळाचे वजन विचारतात तितक्याच आस्थेने तिला झोप लागते का, हे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, खाणेपिणे तुटले असेल किंवा मरणाची भाषा तोंडी येत असेल, तर वाट पाहू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, तेव्हा शरीराविषयी छापील मराठीत मोकळेपणाने बोलणे हाच गुन्हा ठरत होता. आज शाळेत मुलींना पाळीबद्दल सांगितले जाते, सॅनिटरी पॅडच्या जाहिराती जेवणाच्या वेळी घरात वाजतात. ‘कावळा शिवला’ म्हणणारी पिढी मागे पडली. पण पाळी येण्याबद्दल आपण जेवढे बोलायला शिकलो, तेवढे पाळी जाण्याबद्दल शिकलो नाही, आणि या दोहोंच्या मध्ये मनाचे काय होते याबद्दल तर अजून कुजबूजच आहे.

माझ्या त्या शिक्षिकेची तपासणी केली, थायरॉइड ठीक होता, रक्त ठीक होते. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून औषधे सुरू केली. झोप परतली, मग हळूहळू बाकीचे. तिसऱ्या महिन्यात ती नवऱ्याला घेऊन आली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘मला वाटलं, हिचा स्वभावच बदलला.’ स्वभाव असा सहा महिन्यांत बदलत नसतो. बदलला असे वाटले, की ‘काय झालंय तुला?’ असे चढ्या आवाजात विचारण्यापेक्षा ‘कधीपासून होतंय असं?’ एवढे विचारून पाहावे. या प्रश्नाला बायका उत्तर देतात. निदान माझ्या दवाखान्यात तरी, प्रत्येकीला ती तारीख साधारणपणे ठाऊक असते.